लसणाच्या पाकळ्या आणि बंद केलेली गोळी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, १६८ निघाले. विचारल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चार महिने झाले, गोळी बंद केली. अनशापोटी लसूण खातो, जवसाची पूड घेतो. सगळं औषध वनस्पतीतच आहे म्हणतात."

गुरुजी अगदीच चुकत होते असे नाही, म्हणूनच हा विषय घेतला.

तीळ, शेंगदाणे, डाळी, धान्ये आणि वनस्पती तेले यांत फायटोस्टेरॉल नावाची द्रव्ये असतात. त्यांची रचना कोलेस्टेरॉलशी मिळतीजुळती असते. आतड्यात कोलेस्टेरॉल शोषले जायचे तर पित्ताच्या सूक्ष्म कणांत त्याला जागा मिळावी लागते. एसटीत रुमाल टाकून कोणी जागा धरावी, तशी ही द्रव्ये ती जागा आधीच अडवतात. मग बरेचसे कोलेस्टेरॉल शौचावाटे निघून जाते. फिनलंडमध्ये अशा द्रव्याने युक्त मार्गारिन लोकांना वर्षभर दिले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्क्यांनी उतरले होते.

इसबगोल, ओट्स आणि कडधान्यांतील विरघळणारा चोथाही थोडी मदत करतो. तो पित्ताम्ले बांधून बाहेर नेतो आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते.

आता हिशेब पाहा. एलडीएल ८ ते १० टक्के उतरवायला रोज सुमारे २ ग्रॅम फायटोस्टेरॉल लागते. आपल्या रोजच्या जेवणातून साधारण अर्धा ग्रॅमही मिळत नाही. समजा गुरुजींनी २ ग्रॅमही मिळवले, तरी १६८ चे १५० च्या आसपास येतील. झटका येऊन गेलेल्या माणसाचे एलडीएल ७० च्या खाली हवे. लसणाचा परिणाम तर त्याहूनही किरकोळ. उलट स्टॅटिनची गोळी एलडीएल ३० ते ५० टक्के उतरवते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासात या गोळीने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. फायटोस्टेरॉलने झटके टळतात, असे मात्र अजून कोणत्याही अभ्यासात सिद्ध झालेले नाही.

आणि गोळी म्हणजे निव्वळ 'केमिकल' असे म्हणणाऱ्यांना सांगतो, या औषधाचे मूळ जपानमध्ये अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडले. तीही निसर्गाचीच देणगी!

माझ्या मते यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. आम्ही गोळी लिहून देतो, पण ती किती दिवस घ्यायची आणि का, हे सांगत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की रुग्णाला वाटते, कोर्स संपला. वास्तविक तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

म्हणून वाचकहो, तिळाची चटणी, उसळी, भाकरी जरूर खा. इसबगोल घेतलेत तर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि इतर औषधांपासून अंतर ठेवा. स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना सांगा, पण गोळी परस्पर बंद करू नका. गुरुजींनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. जवसाची चटणी मी त्यांच्या ताटातून काढलेली नाही.