कागदाची शकुंतला

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची आपली ‘शकुंतला’ रेल्वेगाडी आता थांबली आहे. तिची वाफेची इंजिनं तर १९९४ मध्येच गेली. स्थानकांच्या भिंती, फलक, खिडक्या यांची मापं टिपायची असतील, तर ती आत्ताच. म्हणून हा अंक आम्ही कागदी प्रतिकृतींना दिला आहे.

या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर भरतं. इतक्या बारीक कामात कात्रीपेक्षा गोंदच जास्त परीक्षा पाहतो. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं; ते तंतूंत शिरलं की कागद फुगतो आणि इंजिनाचा गोल बॉयलर वाकडा होतो. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच थेंब घ्या, कडेला पातळ पसरवा, क्षणभर सुकू द्या, मग दाबा. छपरासारख्या मोठ्या भागाला ग्लू स्टिक बरी. रबरी सोल्यूशननं कागद सहसा सुरकुतत नाही, पण खिडकी उघडी हवी. मैद्याच्या खळीवर आमचं प्रेम आहे. तरी बारीक जोडांना तिचा ओलावा मानवत नाही, हे आमचं स्पष्ट मत.

दुर्गोत्सवात भव्य देवळांच्या प्रतिकृती उभारणाऱ्या यवतमाळला हे वेड नवं नाही. या अंकात तयार नमुन्यांपेक्षा मोजमापावर भर आहे. दारव्हा मोतीबाग, लाडखेड, तुमचं स्थानक कुठलंही असो. जुनी छायाचित्रं आणि मापं आम्हाला जरूर पाठवा.