आत्या विचारत होती, "एकवीरा इथनं किती लांब?"

तुळशीचं लग्न लागलं आणि फोनवर पत्रिका यायला सुरुवात झाली. या आठवड्यात चार आल्या. चारही घरं आपल्याच पट्ट्यातली, बाळकुम, ढोकाळी, कोलशेत. लग्नं मात्र एक लोणावळ्याला, एक अलिबागला, एक कर्जतला आणि एक थेट गोव्याला. गावात एकही नाही.

लग्न बाहेरगावी करण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. ज्याचा पैसा त्याची हौस. शिवाय गावात आता मांडव घालायला जागा तरी कुठे आहे? जिथे मांडव पडायचे तिथे टॉवर उभे राहिले, आणि रस्त्यावर मांडव घातला तर बाळकुम नाक्यापर्यंत गाड्या तुंबतात. पोरं म्हणतात, दोन दिवस बाहेर जाऊ, लग्नही होईल आणि फिरणंही होईल. चांगलं आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की फिरणं कुणाचं होतं?

गेल्या फेब्रुवारीत माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर झालं. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची थोडी आणि आमची जास्त होती. सकाळी सहाला नाक्यावरून दोन बस निघाल्या. साठीच्या पुढची अकरा माणसं होती, त्यातली चार पंचाहत्तरीच्या पुढची. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवसांचा छापील कार्यक्रम आधीच आला होता. पूल पार्टी, झिपलाइन, झुंबा, कॉकटेल, हळद, संगीत. कुठे कोणत्या रंगाचे कपडे घालायचे तेही लिहिलं होतं. या अकरा माणसांनी दोन दिवस काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती.

खोल्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हळदीचं लॉन खाली उतारावर. माझी आत्या ७८ वर्षांची. एकदा खाली उतरली की परत वर चढायचं या भीतीने ती खोलीतच बसून राहिली. सोबत दोन मावश्या आणि कोलशेतच्या कंपनीतून रिटायर झालेले एक काका. टीव्ही लावून दिला होता, चहा वर पाठवत होतो. आम्हाला वाटलं, व्यवस्था झाली.

त्या दोन दिवसांत आत्याने मला तीनदा विचारलं, "एकवीरा इथनं किती लांब रं?"

मी तिन्ही वेळा म्हणालो, "बघू आत्या, वेळ मिळाला तर."

लोणावळ्यापासून कार्ला दहा-बारा किलोमीटर. आपल्या आगरी-कोळी घरांना एकवीरा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. त्या आत्याला झेपल्या नसत्या, हे तिलाही माहीत होतं. तिला फक्त पायथ्याशी जाऊन खालून हात जोडायचे होते. एक गाडी, एक पोरगा आणि दोन तास लागले असते. आमच्याकडे नऊ गाड्या उभ्या होत्या आणि पोरं पंधरा होती. वेळ मिळाला नाही. परत निघताना तिने बसच्या खिडकीतून मागच्या डोंगरांकडे बघून हात जोडले, तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा बस सुटली होती.

जूनमध्ये ती घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकरवर आहे, खोलीतून ओट्यापर्यंत येते. डॉक्टर म्हणतात, गाडीचा लांबचा प्रवास नको. म्हणजे फेब्रुवारीतली ती फेरी बहुतेक शेवटचीच होती, आणि ती मी "बघू" म्हणून घालवली.

हे स्वतःला शिव्या देण्यासाठी लिहीत नाही. सीझन आता सुरू झालाय, तुमच्या घरातही बस ठरत असेल, म्हणून लिहितोय.

आपल्याकडे गावात लग्न व्हायचं तेव्हा म्हाताऱ्या माणसांना कुणी वेगळं "रमवावं" लागत नव्हतं. त्यांना काम असायचं. मांडवाची उंबराची फांदी कुणी आणायची, मान कुणाचा आधी, कुणाला बोलावणं राहिलं, हे सगळं त्यांनाच माहीत. आणि धवलारीण! आपल्या लग्नात धवले गाणारी बाई म्हणजे मानाची बाई, विधी तिच्या गाण्यावर चालायचे. ती बहुतेक वयस्करच असायची, कारण एवढं पाठ असायला तेवढं आयुष्य लागतं. लग्न रिसॉर्टवर गेलं तशी ही सगळी कामं इव्हेंटवाल्याकडे गेली. धवल्यांच्या जागी डीजे आला. म्हातारी माणसं लग्नातली कर्ती होती, ती प्रेक्षक झाली, आणि जिना चढता येत नसेल तर प्रेक्षकही राहिली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: रिसॉर्ट बुक करताना पहिला विचार त्यांचा करा. कारण पोरं कुठेही मजा करतात, त्यांना जागा लागत नाही. जागा म्हाताऱ्यांना लागते.

एप्रिलमध्ये अलिबागला दुसऱ्या एका लग्नाला गेलो होतो. तिथे नवऱ्या मुलीच्या मोठ्या बहिणीने काय केलं ते सांगतो. तिने लग्नाच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला फोन केला. प्रश्न चार. किती चालता येतं? गोळ्या किती वाजता? जेवण किती वाजता लागतं? आणि अलिबागला आल्यावर काय बघायचंय? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ऐकून ती स्वतःच चकित झाली. तिला वाटलं होतं, देऊळ म्हणतील. बायांनी सांगितलं, मच्छीबाजार.

मग सकाळी साडेसातला एक गाडी बाजाराकडे निघाली. आमच्या बाया तिथे अशा रमल्या की विचारू नका. भाव पाडणं, वास घेऊन बघणं, तिथल्या कोळणीशी नातं लावणं. सोडे, जवळा, बोंबील आणि दोन माळा पांढऱ्या कांद्याच्या घेऊन साडेदहाला परत. बसला परतीच्या वाटेवर वास आला, त्याला काही इलाज नाही. पुरुष मंडळींची दुसरी गाडी गावातच कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला गेली, तिथून चौलच्या रामेश्वराला. दोन्हीकडे गाडी जवळपर्यंत जाते, डोंगर चढावा लागत नाही. कनकेश्वर मुद्दाम टाळलं, तिथे सातशेच्या आसपास पायऱ्या. कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच जाता येतं आणि ओहोटीची वेळ नेमकी मुहूर्तावर येत होती, म्हणून तो किनाऱ्यावरूनच बघितला. कुणाची तक्रार नव्हती.

दुपारी सगळे झोपले. त्या वेळात कार्यक्रमच ठेवला नव्हता. संध्याकाळी हळदीला डीजे सुरू व्हायच्या आधी एक तास तिने धवल्यांना दिला. माइक एका ७४ वर्षांच्या बाईच्या हातात. नवरीच्या मैत्रिणी मोबाइलवर रेकॉर्ड करत होत्या. त्या बाईचा चेहरा मी बघितलाय. त्या लग्नात सगळ्यात मोठ्या मानाची तीच होती.

एवढ्याला खर्च किती आला? अर्ध्या दिवसाच्या दोन गाड्या. स्टेजच्या फुलांच्या खर्चात तो दिसलाही नसता.

त्यावरून आणि आमच्या चुकांवरून जे शिकलो ते थोडक्यात लिहितो, ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

खोली तळमजल्यावर मागा, आणि पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन बघा. कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला काही आहे का, लॉनपर्यंत उतार किती. फोटोत हे कधीच दिसत नाही.

दिवसाला एकच फेरी, सकाळची, तीन तासांच्या आत. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी शोधा. आपल्या बायका बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

दोन म्हाताऱ्यांमागे एक पोरगा किंवा पोरगी, नाव ठरवून. "सगळे आहेत की" म्हणजे कुणीच नाही. सरकारलाही हे कळलंय. २०२४ च्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत ७५ वर्षांवरच्या माणसाला सोबत मदतनीस नेता येतो.

जेवण आठला. बुफे साडेदहाला उघडणार असेल तर त्यांची भाकरी, आमटी वेगळी सांगून ठेवा. आणि दहानंतर लाऊडस्पीकर बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तेच आहे, आणि शेजारच्या खोलीत आपलीच आजी झोपलेली असते.

एक काम द्या. धवले, अक्षता, आहेराची वही, काहीही. खोटं काम नको, त्यांना लगेच कळतं.

आता दोन आक्षेप. भाऊ मला म्हणाला, "अरे, त्यांना विचारलं तर ती नकोच म्हणतात." बरोबर आहे. पण आपल्या म्हाताऱ्यांचं "नको" म्हणजे बहुतेक वेळा "माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको" असतं. दुसऱ्यांदा विचारा, गाडी दारात उभी करून विचारा. तरीही नको म्हटलं तर खरंच नको असतं. मग बसू द्या शांत, ओढून नेऊ नका. आमच्या त्या काकांना खरंच बसायचंच होतं, फक्त खिडकीतून घाटातली रेल्वे दिसली असती तर बरं, एवढंच ते म्हणत होते.

दुसरा आक्षेप, सगळं घरच्यांनीच करायचं का? नाही. नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लग्नं परदेशात न करता देशातच करा, असं आवाहन केलं. ठीक आहे, आपण देशातच, राज्यातच करतोय. पण मग देशाने पायऱ्यांचंही बघावं. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. वणीला सप्तशृंगीसाठी २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाली, म्हातारी माणसं मिनिटांत वर जातात. एकवीरेच्या रोपवेच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात, आत्या मात्र खालीच राहिली. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला, त्याचं कौतुक आहे. रेल्वेने मात्र मार्च २०२० मध्ये बंद केलेली ज्येष्ठांची तिकीट सवलत पुन्हा सुरू केली नाही. आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, त्यामुळे रॅम्प मागणं म्हणजे रिसॉर्टवाल्याकडे मेहरबानी मागणं नव्हे. बुकिंगच्या वेळी दहा घरांनी रॅम्प विचारला तर अकराव्याला तो बांधलेला सापडेल.

परवा आत्याकडे गेलो होतो. ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, "आत्या, तेव्हा न्यायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "जाव दे रं. तू तरी जाऊन आलास का?"

नव्हतो गेलो. या रविवारी जाणार आहे. तिची ओटी घेऊन.

तुमच्या घरात या सीझनला लग्न असेल तर आज एक फोन करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिकडे गेल्यावर काय बघायचंय. काय उत्तर आलं ते खाली लिहा. मला खरंच वाचायचंय.