गाणे, गाऱ्हाणे आणि संघटना

मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे धुळे तालुक्यातील गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते. स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक घरोघर पोचल्यापासून हाताने ठोकलेल्या भांड्यांची मागणी घटली. धातूचा भाव कारागिराच्या हाती नाही आणि घडणावळही त्याच्या म्हणण्याप्रमाणे ठरत नाही. भोवतालच्या शिवारात कापूस पिकविणाऱ्याची स्थिती फारशी निराळी नाही. याच खानदेशात आज अहिराणी गीतांना मात्र अभूतपूर्व सुगी आली आहे. ‘हाई झुमकावाली पोर’सारखे गीत कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि खानदेशाबाहेरच्या वरातींतही वाजले. ज्या बोलीला गावंढळ म्हणून हिणविले जात असे, तिला बाजारात मान मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि, या गीतांत तांबट कोठे आहे, सालदार कोठे आहे, कापसाचा भाव कोठे आहे, असे विचारले तर बहुतांशी निराशाच पदरी पडते.

नव्या पिढीच्या रॅपचा प्रकार याच्या उलट आहे. ठेक्यावर, यमकांचा मारा करीत बोललेली ही कविता १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत रुजलेल्या संस्कृतीतून आली आणि मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांनी ती आपलीशी केली. येथे गाऱ्हाणे आहे, रोषही आहे. २०२३ साली राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर त्यांच्या मराठी रॅपमुळे गुन्हे नोंदविले गेले. एकाचा विषय सत्तांतराचा होता, दुसऱ्याचा सामान्य माणसाच्या हलाखीचा. यमकांनी राज्यकर्ते अस्वस्थ होतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पण अस्वस्थता म्हणजे परिवर्तन नव्हे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने आरेतील आदिवासी कलावंतांना बरोबर घेऊन २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले. ते देशभर ऐकले गेले. मेट्रोची कारशेड मात्र अखेर आरेतच उभी राहिली.

मग लयबद्ध शब्दाने समाजाचा आर्थिक व्यवहार बदलतो, हे म्हणणे भाबडेपणाचे ठरते काय? खानदेशाचा स्वतःचा इतिहास तसे सांगत नाही. सोनगीर ज्या जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्याच्या सातपुड्याकडील भागात, तळोदे तालुक्यातील मोरवड येथे, १९३८ साली गुला महाराजांच्या आरतीला आदिवासी हजारोंनी जमू लागले. आरतीबरोबर सांगणे असे ते अगदी साधे: दारू सोडा, रोज स्नान करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्या घरातून मोहाची दारू गेली, त्या घरातला पैसा गुत्त्यावर जाण्याचा थांबला. ज्यांना कोणी ‘अहो’ म्हटले नव्हते, ते परस्परांना सन्मानाने संबोधू लागले. महाराजांचे त्याच वर्षी निधन झाले. परंतु त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. आरती टिकली, कारण तिच्यामागे दर आठवड्याला जमणारा मेळावा होता.

तीन दशकांनंतर शेजारच्या शहादे तालुक्यात याची पुढची पायरी दिसली. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर झालेल्या हल्ल्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनी चळवळ उभारली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. हातातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदाराला रास्त साल मिळावे, दुष्काळात काम मिळावे, अशा तिच्या मागण्या होत्या. भिली बोलीतील गीते सभांत आणि मोर्चांत म्हटली जात. स्त्रियांनी तर गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी या चळवळीतूनच घडला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. त्याचे श्रेय कोणी एकट्या गाण्याला देणार नाही. पण सभेला माणसे आणणे, भीती घालविणे आणि मागणी तोंडपाठ करविणे, ही कामे अक्षरशत्रू समाजात गाण्याखेरीज कोण करणार होते?

दोन्ही उदाहरणांतील समान सूत्र ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या शब्दाने ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी करता येईल असे काही सांगितले, आणि ते करताना तो एकटा पडणार नाही याची व्यवस्थाही होती. आजच्या अहिराणी गीताजवळ श्रोते आहेत, पण मागणी नाही. रॅपजवळ रोष आहे, पण संघटना नाही. दोहोंची गाठ घालणे हे खरे काम आहे.

कलेला चळवळीचे हस्तपत्रक करू नये, असा आक्षेप यावर येईल. तो रास्तच आहे. वरातीच्या गाण्याने वरातीचेच असावे. परंतु घडणावळीचा दर किंवा कापसाच्या वजनातील काटछाट हा कवितेचा विषय होऊ शकत नाही, हा समज खानदेशाने तरी बाळगू नये. बहिणाबाईंनी शेत, जाते आणि मोट यांतूनच कविता उभी केली. शिवाय गीतकाराचाही स्वतःचा एक आर्थिक प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्काचा कायदा गीतकार-संगीतकारांना मानधनाच्या उत्पन्नात बरोबरीचा वाटा देतो आणि तो हक्क करारानेही सोडून देता येत नाही. हे खेड्यातल्या किती मुलांना कोणी सांगितले आहे? आपल्याच शब्दाचा मोबदला न मागणारा दुसऱ्याच्या मजुरीसाठी काय भांडणार?

तेव्हा कारागिरांच्या सहकारी संस्था, शेतकरी संघटना आणि गावोगावची वाचनालये यांनी या तरुणांना बोलावून व्यासपीठ द्यावे, आणि शासनाने यमकांच्या पाठीमागे पोलीस धाडण्याची सवय सोडावी. ठोक्यावर ठोका पडला म्हणजे पत्र्याला आकार येतो, हे सोनगीरच्या तांबटाला शिकवावे लागत नाही. शब्दाचेही तसेच आहे. एका ठोक्याचा नुसता आवाज होतो.