शंका घेण्याचे कष्ट



वर्षभर एका वाक्याने आमचं डोकं उठवलं आहे. "काय खरं नि काय खोटं, देव जाणे!" पेणच्या एसटी स्टँडवर, रोह्याच्या बाजारपेठेत, लग्नाच्या पंगतीत, शिकल्यासवरल्यांच्या बैठकीत, विषय कुंडलिकेच्या पाण्याचा निघो, मतदार यादीचा निघो की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचा, कुणीतरी हे म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि बोलणं तिथेच संपतं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. आमच्या मते तो आळस आहे आणि तो अंधश्रद्धेइतकाच घातक आहे.

लोक असं का बोलतात हे आम्हाला कळत नाही असं नाही. २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि या तालुक्यातल्या कितीतरी घरांची पुंजी अडकून पडली. ज्यांच्या मुलीचं लग्न तेव्हा तोंडावर आलं होतं, त्यांनी आता कुणावरच भरवसा नाही म्हटलं, तर त्यांना उपदेश करायला आमची जीभ रेटणार नाही. पण त्या पोळण्यातून ताळेबंद वाचायची आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायची सवय लागायला हवी होती. लागली ती हात झटकायची.

शंका हे आपल्याकडे मोठ्या मानाचं काम होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र सोळा पदार्थ मोजतं. त्यात संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधे प्रयोजन, दृष्टांत, सिद्धांत, अवयव आणि तर्क. तिन्हीसांजेला लांब काहीतरी उभं दिसतं, तो खांब आहे की माणूस, हे नैयायिकांचं आवडतं उदाहरण. संशय आला की तिथेच बसून राहायचं नसतं, चार पावलं पुढे जाऊन पाहायचं असतं.

पण मग शंका घ्यायची कुठवर? दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी याचं उत्तर दिलं, चौदाव्या शतकात गंगेशांनी ते पक्कं केलं: शंका स्वतःच्याच वागण्याला छेद देईपर्यंत. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, भूक भागावी म्हणून जो जेवायला बसतो, त्याने कार्यकारणाच्या नात्याबद्दल शंका आहे म्हणावं, हे टिकत नाही. या दोघांच्या मधल्या काळात, बाराव्या शतकात, श्रीहर्षाने उदयनांना उलटं धरलं. माणूस कसा वागतो यावरून तो काय मानतो एवढंच कळतं, तो मानतो ते खरं आहे हे कुठे सिद्ध झालं? आम्हाला हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण "देव जाणे" म्हणणाऱ्याला त्याचा आधार नाही. श्रीहर्षाने ते म्हणण्यासाठी प्रतिपक्षाची एकेक व्याख्या पिंजून काढली होती.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. गणितावर जीव असलेला हा मुलगा. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला तो सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याला ब्रह्मज्ञान हवं होतं, त्याहून कमी काही नको होतं. काशीत गंगेच्या घाटावर द्वैती आणि अद्वैती पंडितांचे वाद चालत. एकदा अद्वैत जिंकलं असा निकाल झाला, तेव्हा हा वीस वर्षांचा पोरगा उठला आणि त्याने अद्वैतीच हरल्याचं सांगितलं. ज्याला सगळं एक दिसतं तो वाद घालणार कुणाशी? उदयनाचार्यांचीच कसोटी ही. पुढे गांधीजींना त्याने पत्राने अहिंसेबद्दल शंका विचारल्या. उत्तर आलं. त्यातून आणखी शंका निघाल्या, त्याही लिहून पाठवल्या. तेव्हा आश्रमात या असं बोलावणं आलं. ७ जून १९१६ रोजी विनोबा कोचरबच्या आश्रमात पोचले. आणि आश्रमात गेल्यावर शोध थांबला असंही झालं नाही. पुढल्याच वर्षी रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी शांकरभाष्य वाचायला बसले. निश्चयासाठी एवढे कष्ट घेणारा माणूस आपल्या मातीतला, आणि आपण जयंतीला हार घालून मोकळे होतो.

कष्ट म्हणजे काय ते पेणच्या गणपतींच्या कारखान्यातही दिसतं. शाडूची मूर्ती वरून पांढरी पडली तरी आत ओल असते. रंग आधी लावला तर पापुद्रा धरतो. एक वयस्कर कारागीर आम्ही बघितले. त्यांनी हाताची मागची बाजू मूर्तीच्या पाठीला लावली. ओली माती गार लागते. पण श्रावणात सगळंच गार लागतं, म्हणून आधी त्यांनी फळीवरच्या गेल्या वर्षीच्या कोरड्या मूर्तीला हात लावला, मग नव्या मूर्तीला, मग परत जुन्या मूर्तीला. शेवटी "अजून दोन दिवस" म्हणून पुढच्या फळीकडे वळले. संशय, दृष्टांत, तर्क, निर्णय, सगळं त्या अर्ध्या मिनिटात होतं.

त्याच पेणमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून यंदा काय रणं माजली! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना, मग डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल, मग जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला उच्च न्यायालयाची मुभा, विसर्जनावर अटी. हजारो हातांचं पोट या प्रश्नावर आहे. दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. तो अहवाल किती जणांनी मिळवून वाचला? प्लास्टर पाण्यात किती दिवस तसंच राहतं, शाडू किती तासांत बसतो, रंग पाण्यात उतरतो का, हे बादलीभर पाण्यात कुणालाही बघता येतं. बघितलं थोड्यांनी.

२०२५ या वर्षाचा आढावा थोडक्यात घेतो. पाऊस मे महिन्यातच आला. जुलैत रायगड जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा आनंद शब्दांत मावत नाही. आणि २० मे रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. महास्फोटाचा सिद्धांत जगाने स्वीकारल्यावरही ते शंका घेत राहिले आणि प्रत्येक शंकेमागे गणित मांडत राहिले. जग त्यांच्या बाजूने वळलं नाही, म्हणून त्यांनी गणित सोडलं नाही. फलज्योतिषावर नुसती टीका न करता त्यांनी सहकाऱ्यांसह चाचणी घेतली: शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. बरोबर निघालेली भाकितं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

यंदाच्या अंकाचा विषय 'खात्री' ठेवला तो म्हणून. न्यायशास्त्रावरचा लेख लांबला आहे, पण तुम्ही तो नेटाने वाचाल हे आम्हाला ठाऊक आहे. कथा आणि कविता नेहमीच्या जागी आहेत, त्यांचा विषयाशी संबंध शोधू नका. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांवरच्या लेखात त्यांच्या पाठशाळेतल्या अध्ययनपद्धतीबद्दल काही कडक प्रश्न आहेत, ते आम्ही जाणूनबुजून ठेवले आहेत.

अंक वाचून "छान झाला" असं कळवू नका. कोणत्या पानावरचं कोणतं विधान पटलं नाही आणि कशाच्या आधारावर, ते लिहा. लेखकांकडून उत्तर मागवून दोन्ही पुढच्या वर्षी शेजारी शेजारी छापू.