देखभाल नको, म्हणून नोंदही नको?

एप्रिल-मेच्या वादळात फीडर ट्रिप होणे कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीला नवे नाही. डीजी सेट भार उचलेपर्यंतचे काही क्षण, आणि डीजीनेच दगा दिला तर पुढची मिनिटे, देखभाल विभागाची परीक्षा पाहतात. टॉर्च आहे, पण कुठे ठेवली ते दिसत नाही. मोबाइल अनेक कारखान्यांत गेटवरच जमा असतो. मग फिटर चाचपडत टेबलाचे खण उघडतो आणि वायरमन अंदाजाने आयसोलेटरचे हँडल शोधतो.

यावर उपाय म्हणून ट्रिटियमच्या स्वयंप्रकाशी खुणांबद्दल आता विचारणा होते. वस्तू खरोखर देखणी आहे. काडीपेटीतल्या काडीएवढी बोरोसिलिकेट काचेची बंद नळी, आतून फॉस्फरचा थर आणि पोकळीत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप. त्यातून निघणारे बीटा कण फॉस्फरवर आदळत राहतात आणि नळी रात्रंदिवस मंद उजळते. सेल नाही, चार्जिंग नाही, बटण नाही. हे कण इतके दुबळे असतात की हवेतही सहा-सात मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाहीत. काच तर त्यांना भेदताच येत नाही. शाबूत नळी टॉर्चला अडकवली म्हणून कोणाला इजा होत नाही. रंग मात्र हिरवाच घ्यावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो सर्वांत चांगला दिसतो. लाल त्यामानाने पारच फिका पडतो.

आमचा आक्षेप नळीला नाही, ‘एकदा लावा आणि विसरा’ या तिच्या जाहिरातीला आहे. बेअरिंगला ग्रीस लागते, बॅटरीला पाणी लागते, म्हणून त्यांची तारीख कार्डावर चढते. जिला काहीच लागत नाही ती वस्तू आपल्या कोणत्याच चेकलिस्टमध्ये येत नाही.

ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. २०२६ साली भरलेल्या नळीतले ट्रिटियम २०३८ मध्ये निम्मे आणि २०५० च्या सुमारास पाव उरेल. फॉस्फरही झिजतो, त्यामुळे उजेड त्याहून लवकर घटतो. बल्ब उडाला की लगेच कळते. ही नळी वर्षानुवर्षे थोडी थोडी मंदावते आणि कोणी तक्रार करत नाही. तोवर ती लावणारा माणूस निवृत्त झालेला असतो, पॅनेल बदललेले असते आणि जुने पॅनेल नळीसकट भंगारात गेलेले असते.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत बाहेर पडण्याचा मार्ग दाखवणाऱ्या ट्रिटियमच्या पाट्या होत्या. कंपनीने झाडाझडती घेतली तेव्हा सुमारे ७०,००० पाट्यांपैकी १५,८०० च्या आसपास पाट्यांचा हिशेबच लागला नाही. ही गोष्ट २००९ मध्ये उघड झाली. घड्याळातले ट्रिटियम मिलिक्युरीत मोजतात, अशा पाटीतले क्युरीत. फरक हजारपटीचा आहे.

नळी फुटली तर वायू लगेच पसरतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो, पण ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे पाणी झाले की ती वाफ श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जाते. वायूरूपापेक्षा हे रूप सुमारे दहा हजारपट घातक मानले जाते. म्हणून नळी वा पाटी फुटल्यास दारे-खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा, तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका आणि सेफ्टी ऑफिसरला बोलवा. झाडून कचऱ्याच्या डब्यात टाकणे हा पर्याय नाही.

भंगाराचा रस्ता कुठे जातो हे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत दिसले. तिथला कोबाल्ट-६० ट्रिटियमपेक्षा कितीतरी जहाल होता आणि त्यात एकाचा जीव गेला. धोक्याची बरोबरी नाही, पण वाट तीच: हिशेबातून निसटलेला स्रोत भंगारवाल्याच्या हाती. आपल्याकडे अशा स्रोतांवर मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. त्यामुळे परदेशातून कुरियरने चार नळ्या मागवण्याआधी परवानगीचे काय, हे मंडळाकडे लेखी विचारा. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नका.

मुळात बहुतेक ठिकाणी ट्रिटियमची गरजच नाही. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची चमकणारी टेप किरणोत्सारी नसते. दिवे चालू असताना ती उजेड शोषते आणि दिवे गेल्यावर कित्येक तास दिसत राहते. एक खोच लक्षात ठेवा: तिला निळा किंवा अतिनील उजेड लागतो. जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या उजेडात ती जवळपास चार्जच होत नाही. अशा शेडमध्ये टेप निकामी ठरली तर दोष टेपचा नसतो. पांढरा एलईडी लावून पुन्हा पाहावे. धुण्याच्या जागी लॅमिनेट केलेलीच टेप घ्यावी, कारण पाण्याने ही पूड खराब होते.

म्हणून निवडीची कसोटी साधी आहे. अंधार होण्याआधी त्या जागेवर उजेड पडतो का? पडत असेल, तर टेप. आयसोलेटर, फायर एक्स्टिंग्विशर, प्रथमोपचार पेटी, शॅडो बोर्डावरच्या टॉर्चची जागा, सगळे यात येते. बंद खण किंवा हत्यारांची पिशवी यांतल्या वस्तूला उजेड मिळतच नाही. तिथे ट्रिटियमचा विचार रास्त. पण त्याआधी ती वस्तू खणातून काढून भिंतीवर टांगता येते का, ते पाहा. जिची जागा रोज बदलते त्या टॉर्चला कसलीही खूण लावून उपयोग नाही.

या महिन्यात रात्रपाळीला, मशीन बंद असताना आणि सेफ्टी ऑफिसरच्या परवानगीने, पॅनेल रूमचे दिवे पाच मिनिटे घालवा आणि काय काय सापडते ते लिहून काढा. त्यानंतरही ट्रिटियमच हवे असे ठरले, तर मालमत्ता रजिस्टरला चार रकाने जोडा: कुठे लावले, उत्पादनाची तारीख, किती क्युरी, परत कोणाकडे द्यायचे. चौथा रकाना भरता येत नसेल, तर कोटेशन मागवू नका.