मतदार विसराळू नव्हे, लोकशाही अपुरी

९ मे २०२२ रोजी फिलिपाइन्सच्या जनतेने फर्डिनंड मार्कोस यांच्या चिरंजीवांना तीन कोटींहून अधिक मते देऊन राष्ट्राध्यक्षपदी बसविले. त्यावर मनिलातील सुखवस्तू सुशिक्षितांनी आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून जगभरच्या उदारमतवाद्यांनी तात्काळ निदान केले. ज्या जनतेने १९८६ च्या फेब्रुवारीत एडसा राजमार्गावर रणगाडे अडवून बापाला देशाबाहेर घालविले, तिनेच छत्तीस वर्षांनी मुलाला पालखीत बसवून परत आणले. तेव्हा ही जनता विसराळू आहे, अडाणी आहे, मोबाइलवरच्या थापांना भुलणारी आहे! तेथील अभिजनांनी तर अशा मतदारासाठी एक शब्दच घडविला आहे: ‘बोबोतांते’, म्हणजे मूर्ख मतदार.

हे निदान चुकीचे आहे आणि निदान करणाऱ्यांच्या सोयीचे आहे. मतदार मूर्ख ठरला, की लोकशाहीच्या कारभाऱ्यांनी सत्तेच्या तीन तपांत काय केले, हा प्रश्नच उरत नाही. वस्तुतः सामान्य फिलिपिनी नागरिकाची राजकारणाविषयीची, न्यायाविषयीची आणि ताटातल्या भाताविषयीची मते वेगवेगळी नाहीत. तो एकाच अनुभवाचा तिहेरी उच्चार आहे, आणि त्या अनुभवाच्या मुळाशी जमीन आहे.

प्रथम भाताचा विचार करू. तगालोग भाषेत शेतातल्या भाताला ‘पालाय’, सडलेल्या तांदळाला ‘बिगास’ आणि शिजवलेल्या भाताला ‘कानिन’ म्हणतात. ‘कानिन’ हा शब्द ‘काइन’, म्हणजे खाणे, यापासूनच झाला आहे. भेटलेल्या माणसाला ‘जेवलास का?’ असे विचारण्याची तेथील रीत मराठी खेड्याला परकी वाटणार नाही. गरिबाच्या ताटात भाताचा ढीग असतो आणि तो घशाखाली उतरावा एवढ्यापुरता ‘तुयो’ हा खारवलेला सुका मासा किंवा ‘बागूंग’ हे आंबवलेल्या जवळ्याचे खारे असते. कोकणच्या माणसाला हे जेवण समजावून सांगण्याची गरज नाही. त्याहूनही खालच्या थरात ‘पगपग’ आहे. उपाहारगृहांच्या कचऱ्यातून वेचलेले, झटकून, धुऊन पुन्हा शिजवलेले ते उष्टे मांस मनिलाच्या झोपडपट्ट्यांत विकले जाते. अशा देशात तांदळाचा भाव हाच अर्थसंकल्प असतो. मार्कोसपुत्राने २०२२ च्या प्रचारात किलोला २० पेसो दराने तांदूळ देण्याची आशा दाखविली, ती लोकांचे खरे दुखणे ओळखून. मतदाराने ती ऐकली यात त्याचा मूर्खपणा कोणता?

पण तांदूळ पिकविणाऱ्या देशात तांदूळ महाग का? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढलेल्या मध्य लुझोनच्या कुळांनी युद्धानंतर जमिनीचा हक्क मागितला. त्यांचे ‘हुक’ बंड रामोन मॅगसायसाय यांनी, आधी संरक्षणमंत्री म्हणून आणि मग राष्ट्राध्यक्ष म्हणून, अमेरिकेच्या साहाय्याने मोडून काढले. बंदुकीच्या जोडीला भूमिहीनांना जमिनीचे आश्वासन दिले. मात्र लुझोनच्या जमीनदारांना हात न लावता अनेक कुटुंबांची रवानगी दक्षिणेकडे मिंदानावमध्ये केली, जेथे मोरो मुसलमान आणि आदिवासी आधीपासून राहत होते. याच मॅगसायसाय यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये भूदानाचे प्रणेते विनोबा भावे यांना मिळाला. ज्या भूमीत कुळांचा लढा चिरडला गेला, तेथून जमीन प्रेमाने मागणाऱ्याचा गौरव व्हावा, हा इतिहासाचा उपरोध भारतीय समाजवाद्यांनी विसरू नये.

सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि महिन्याभरात जमीनसुधारणेचा हुकूम काढला. तो फक्त भात व मक्याच्या जमिनीवरील कुळांना लागू होता. ऊस आणि नारळ वगळले आणि भूमिहीन शेतमजूर तर हिशेबातच धरला नाही. लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये ‘आयआर-८’ हे वाण दिले, १९७३ मध्ये ‘मासागाना ९९’ ही कर्जयोजना आली, उत्पादन वाढले. पण खतांचा खर्च आणि थकलेली कर्जे शेतकऱ्याच्या गळ्यात पडली. नेग्रोस बेटावर उसाच्या गळितानंतर मजुरांना काम नसते. त्या दिवसांना तेथे ‘मेलेला हंगाम’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास साखरेचे जागतिक भाव कोसळले, तेव्हा त्या साखरेच्या बेटावर मुले उपासमारीने मेली. २० सप्टेंबर १९८५ रोजी एस्कालांते येथे जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार होऊन वीस माणसे ठार झाली. मार्कोसशाहीला सुवर्णयुग म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

परंतु खरा प्रश्न १९८६ नंतरचा आहे. हुकूमशहा गेला आणि कोराझोन अक्विनो आल्या. २२ जानेवारी १९८७ रोजी, नव्या लोकशाहीला वर्षही पुरे झाले नव्हते, जमीन मागण्यासाठी राजप्रासादाकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलाजवळ गोळीबार झाला आणि तेरा जण ठार झाले. १९८८ च्या जमीनसुधारणा कायद्यात उसाचाही समावेश झाला खरा, पण जमिनीऐवजी कंपनीचे कागदी भाग देण्याची पळवाटही ठेवली गेली. त्या पळवाटेचा लाभ ज्यांनी घेतला त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या माहेरची, तार्लाकमधील हासियेंदा लुइसिता ही साखरेची जहागीर होती. तेथे नोव्हेंबर २००४ मध्ये संपकऱ्यांवर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. सर्वोच्च न्यायालयाने जमीन वाटपाचा अंतिम निर्णय दिला तो २०१२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर चोवीस वर्षांनी!

कर्जाचीही तीच कथा. हुकूमशहाने सुमारे २६ अब्ज डॉलरचे विदेशी कर्ज मागे ठेवले. लोकशाही सरकारने ते फेडण्याची हमी दिली. एवढेच नव्हे, तर संसदेच्या संमतीविना कर्जफेडीची रक्कम आपोआप वेगळी काढण्याची मार्कोस यांच्या १९७७ च्या हुकुमातील तरतूद नव्या कायद्यातही कायम ठेवली. १९८७ च्या राज्यघटनेने घराणेशाहीला बंदी केली, पण घराणे म्हणजे काय याची व्याख्या कायद्यावर सोडली. तो कायदा करायचा कोणी? घराण्यांनीच भरलेल्या काँग्रेसने! २०१६ मध्ये तिने ही बंदी लागू केली ती युवक परिषदांना. मुलांना नियम लावला आणि बापांना मोकळीक दिली.

आता न्यायाकडे वळू. हुकूमशहाच्या पत्नी इमेल्डा यांना २०१८ मध्ये भ्रष्टाचाराच्या सात आरोपांवर शिक्षा झाली आणि जामीन मिळून त्या घरी राहिल्या. त्याच काळात दुतेर्ते यांच्या अंमली पदार्थविरोधी मोहिमेत सरकारी आकड्यांप्रमाणेच पोलिसांच्या हातून सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मानवी हक्क संघटनांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. मरणारे बहुतेक झोपडपट्टीतले होते. आणि तरीही लोकांनी या मोहिमेला पाठिंबा दिला, हे खरे आहे. २०१६ अखेरच्या लोकमत पाहणीत बहुसंख्यांनी मोहिमेविषयी समाधान व्यक्त केले आणि त्याच बहुसंख्यांनी आपण किंवा आपला परिचित तिचा बळी ठरेल, अशी धास्तीही बोलून दाखविली. अभिजनांना यात अडाणीपणा दिसतो. वास्तविक ज्याच्यासाठी न्यायालयाचा दरवाजा कधी उघडलाच नाही, त्याला पोलिसाची बंदूक जलद न्यायासारखी भासली. ती आपल्याच दारात येणार, हेही त्याला कळत होते. त्याचे मत अविचारी नव्हते, त्याच्यापुढचे पर्याय अमानुष होते. मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आले, ही मृतांच्या माता-पत्नींनी चिकाटीने मिळविलेली जीत आहे. परंतु स्वदेशातल्या गरिबाला न्याय मिळण्यासाठी त्याच्या मारेकऱ्याला परदेशी न्यावे लागले, आणि तेही सत्ताधारी घराण्यांची आपसात फाटल्यावर, हे त्या लोकशाहीला भूषण नाही.

मार्कोस घराण्याने पैशाच्या बळावर इतिहासाचे विकृतीकरण केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण थापेचे बी खडकावर रुजत नाही; अपेक्षाभंगाची जमीन आधी नांगरलेली असावी लागते. शिवाय मतदार मार्कोसपुत्राशीही बांधलेला नाही. २० पेसोंच्या तांदळाऐवजी सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला ४१ आणि ४५ पेसोंची कमाल मर्यादा ठरवावी लागली. २०१९ च्या कायद्याने तांदळाची आयात खुली झाली होती आणि त्या वर्षी शेतावरचे भाताचे भाव कोसळले. २०२४ मध्ये आयातशुल्क ३५ वरून १५ टक्क्यांवर आणले. शेतकरी बुडाला, खाणाऱ्याला आश्वासन मिळाले, व्यापारी तरला. २० पेसोंचा तांदूळ ठराविक गटांसाठी काही ठिकाणी मिळू लागला तो मे २०२५ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर. त्या सिनेट निवडणुकीत सरकारपक्षाला अपेक्षेहून कमी जागा मिळाल्या. मोफत महाविद्यालयीन शिक्षणाच्या कायद्याशी नाव जोडलेले बाम अक्विनो आणि अन्नाच्या महागाईवर प्रचार करणारे पांगिलिनान हे विरोधी उमेदवार निवडून आले. तीच जनता, तोच मतदार! उदारमतवादी जेव्हा एडसाच्या स्मृतींऐवजी फी आणि भाताविषयी बोलले, तेव्हा तो त्यांच्याकडे वळला. डाव्या आघाडीचा मात्र एकही उमेदवार निवडून आला नाही. तिचे प्रश्न बरोबर असूनही ती गरिबाच्या मतापर्यंत का पोहोचली नाही, याचा विचार डाव्यांनाच करावा लागेल.

पराभवानंतर ‘मतदार विकला गेला’ असे म्हणून सतरंजी गुंडाळण्याची सवय महाराष्ट्रातील पुरोगामी कार्यकर्त्यांनाही आहे. फिलिपाइन्सचा धडा असा की, हुकूमशहाला घालविल्याने हुकूमशाहीची मुळे उपटली जात नाहीत. जमीन ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहिली, न्याय विकत घ्यावा लागला आणि भात महाग झाला, तर लोक स्वातंत्र्याच्या गोष्टी ऐकून घेतात आणि भाकरी देऊ म्हणणाऱ्यामागे जातात. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या ताटापासून राजकारण सुरू करणे अवघड आहे, आणि समाजवाद्यांचे काम तेच आहे.