फुकटचं ॲप आणि आपला हिशोब

खर्चाचा हिशोब ठेवणारी ॲप्स फुकट मिळतात. मग ती चालवणाऱ्यांचा खर्च निघतो कुठून, हा प्रश्न आपल्यातले फार थोडे तरुण विचारतात. वॉलनट हे ॲप काहींना आठवत असेल. बँकेचे एसएमएस वाचून ते महिन्याचा खर्च आपोआप मांडायचं. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं. त्यात बेकायदा काही नव्हतं. पण ज्याला कर्ज विकायचं आहे, त्याच्यासाठी कोणाचा खिसा कितव्या तारखेला रिकामा होतो यापेक्षा मोलाची माहिती दुसरी कोणती? अमेरिकेतलं मिंट २००७ पासून चालू होतं, तेही मार्च २०२४ मध्ये बंद झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हिशोब फोनवर जरूर ठेवा, फुकट ठेवा, पण वही आपली असू द्या. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमधला साधा तक्ता पुरतो. गूगलही कंपनीच आहे, मान्य. पण तो तक्ता उतरवून आपल्याजवळ ठेवता येतो आणि त्यासाठी एसएमएस वाचायची परवानगी कोणाला द्यावी लागत नाही.

गोराईसारख्या वस्तीत याला आणखी एक कारण आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून इथे आणि चारकोपला छोटे भूखंड पाडले गेले आणि त्यावर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर बांधायचं, असं ठरलं. आधी एक खोली, मग जमेल तेव्हा वरचा मजला. अशा घराला पै-पैचा हिशोब लागतो. तयार ॲप मात्र एक तारखेला पगार येतो असं धरून चालतं. रिक्षावाल्याच्या क्यूआर कोडवर दिवसभरात बाराशे रुपये जमा झाले, की त्याच्या लेखी ते उत्पन्न. सीएनजी आणि रिक्षामालकाचं भाडं वजा करून घरी काय आलं, हे त्याला कळत नाही. रोखीतलं तर दिसतच नाही. अम्मीने शेजारच्या खालांना भिशीचे दोन हजार पाठवले, तर ते 'खर्च' म्हणून लाल अक्षरात येतात! ती बचत आहे, हे आपल्यालाच लिहावं लागतं.

तेव्हा रकाने आपल्या जगण्याप्रमाणे पाडा: आलेले पैसे, धंद्याला गेलेले, घराला गेलेले, भिशी, घेतलेली उधारी, दिलेली उधारी. उधारी लिहून ठेवणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. कुरआनातली सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे अशा वेळी जरूर सांगावं. बचत खात्यावरचं व्याज जे वेगळं काढतात, त्यांनी त्याचाही रकाना करावा. ॲप ते कमाईतच मिसळून टाकतं. आणि जकात मोजण्याची ऑनलाइन साधनं कितीही चांगली असली, तरी सोनं किती, देणं किती, वर्ष कोणत्या चांद्र तारखेला पुरं होतं, हे तुम्हालाच भरायचं असतं. रमजानमध्ये बसून अंदाजाने आकडे टाकले, तर उत्तरही अंदाजाचंच येणार.

खरोखर फुकट आणि उपयोगी अशा काही गोष्टी आपण वापरतच नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला, तर वर्षभर पहारा राहतो. आपल्या पॅनवर न घेतलेलं कर्ज दिसलं, तर लगेच तक्रार करा. ३० दिवसांत तिचं निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. पीएफ कापला जात असेल, तर मालक तो भरतो की नाही, हे उमंग ॲपवरच्या पासबुकात दिसतं.

झटपट कर्जाच्या ॲपबद्दल मात्र मी जराही सवलत देणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये सुमारे ११०० कर्ज-ॲप्स आढळली, त्यातली ६०० बेकायदा होती. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची, ही त्यांची रीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधली नावं-नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावता येत नाही. जे ॲप ते मागतं, ते तिथेच काढून टाका. पैसे गेलेच असतील, तर १९३० वर फोन करा.

आणि आज रात्री करण्यासारखं एक काम: रिझर्व्ह बँकेच्या उद्‌गम पोर्टलवर दादाजान, नाना यांची नावं टाकून पाहा. दहा वर्षं हात न लागलेली खाती तिथे शोधता येतात. सापडलंच, तर वारसांची कागदपत्रं घेऊन त्या बँकेत जावं लागेल.